विहिरीवर अडकलेली टोपी

आमच्या घरमालकांबरोबर रस्त्यानं चालायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून टाळायचे. माणूस अगदी साधा. पायात रबरी चपला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात भाजीची नायलॉनची पिशवी. पण डोक्यावर सोला हॅट. इंग्रजांच्या काळातले साहेब शिकारीला जाताना घालायचे ना, तसली: खाकी, टणक, चारी बाजूंनी उतरती, हनुवटीखाली चामड्याचा पट्टा. बोईसर स्टेशनच्या बाहेर भर दुपारी रिक्षावाले, वडापाववाले आणि शिफ्ट सुटलेले कामगार यांच्या गर्दीत ती टोपी शिरली की गर्दी क्षणभर गप्प व्हायची. त्या क्षणाची मला भीती वाटायची, कारण पुढं काय होईल ते सांगता यायचं नाही. कोणी सलाम ठोकायचं, कोणी "ओ अंग्रेज, कब जाओगे?" म्हणायचं, आणि एकदा तर कोणीतरी अर्धा खाल्लेला पेरू भिरकावला. तो टोपीला लागून खाली पडला. घरमालकांनी मागं वळूनही पाहिलं नाही. मी मात्र घरापर्यंत जवळजवळ पळतच आले.

मला लोकांनी बघितलेलं आवडत नाही. मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करायचे. परगावची एकटी बाई. आपण बरं की आपलं काम बरं. त्यात देवानं घरमालक दिला तो असा. सगळी गल्ली त्यांना टोपीवाले काका म्हणायची, मी नुसतं काका. काकू होत्या तोवर बाजारात जाताना त्या काकांच्या बऱ्याच पुढं चालायच्या, ओळख नसल्यासारख्या. पुढं काकू गेल्या आणि काका माझ्या वाट्याला आले.

त्यांना स्कूटरवर मागं बसवून नेणं हे तर दिव्यच होतं. हेल्मेट घालायला ते तयार नसत. पालघरला चार रस्त्यावर एकदा हवालदारानं अडवलं तर काका शांतपणे पट्टा आवळून म्हणाले, "हे काय घातलंय मग? तुमच्या हेल्मेटच्या आधीचं हेल्मेट आहे हे." हवालदार त्या टोपीकडे बघत राहिला. हसावं की दंड करावा हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं हळूच विचारलं, साहेब कुठल्या खात्याचे. काका नुसते समोर बघत बसले. हवालदारानं हात दाखवून आम्हाला जाऊ दिलं.

"तुम्ही साहेब नाही हे का नाही सांगितलंत?" मी पुढं जाऊन कडाडले.

"मी कोणाला काही सांगितलं का?" काका म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी खुर्ची दिली, कोणी रांगेतून पुढं घेतलं, बँकेच्या रखवालदारानं सॅल्यूट मारला, तरी काकांचं आपलं हेच. आणि ते खरंही होतं. ते खोटं एक अक्षर बोलायचे नाहीत. लोकच आपल्या मनानं त्यांना साहेब करायचे, आणि ते होऊ द्यायचे.

एकदा मात्र हे होऊ देणं माझ्या नोकरीवरच बेतणार होतं. मी घराची किल्ली विसरून कंपनीत आले होते. काका ती द्यायला आले आणि गेटसमोरच्या झाडाच्या सावलीत घाम पुसत उभे राहिले. गेटवरच्या बिहारी वॉचमननं टोपी पाहिली आणि आत फोन केला, टोपीवाले साहब आए हैं, बाहर से देख रहे हैं. झालं. फॅक्टरी इन्स्पेक्टर आला समजून पाच मिनिटांत आतली माणसं सुरक्षेचे गॉगल शोधायला लागली, कोणी फरशीवर पाणी मारायला लागलं, आणि मॅनेजर शहाळं घेऊन स्वतः गेटवर धावले. मराठी बोलायला म्हणून मला बरोबर नेलं. गेटबाहेर काका. मला बघून त्यांनी खिशातून किल्ली काढली. पण काकांनी किल्ली माझ्या हातात अशा गंभीरपणे ठेवली, की जणू सरकारी तिजोरीची असावी, आणि शहाळं संपवून निघून गेले. ही कसली किल्ली, असं मॅनेजरांनी विचारलं, तेव्हा मी काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी खाली जाऊन त्यांच्याशी भांडले. घर सोडते म्हणाले. काकांनी टोपी खुंटीला लावली, मला चहा दिला आणि पहिल्यांदाच त्या टोपीची हकीगत सांगितली. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. जन्मभर जाळीच्या खिडकीआड बसले. खिडकीला खाली एक झरोका. त्यातून हात आत यायचा: वॉशर द्या, ग्लोव्हज द्या, ग्रीस द्या. काकांना सगळ्या कारखान्याचे हात पाठ होते, कोणाचं बोट तुटलंय, कोणाची अंगठी नवी आहे. पण तोंडं माहीत नव्हती, आणि त्यांचं तोंडही कोणाला माहीत नव्हतं. रिटायर झाल्यावर ज्यांना रोज सामान दिलं ती माणसं बाजारात धक्का मारून जायची. मग डहाणूकडं एका पारशी शेटच्या चिकूच्या वाडीवरचा बंगला मोडला, सामान विकायला काढलं, त्यात ही टोपी मिळाली. ऊन होतं म्हणून घातली आणि एसटीत चढले, तर एक तरुण मुलगा उठून उभा राहिला.

"मला कोणी जागा दिली असं तोवर कधी झालंच नव्हतं गं," ते म्हणाले.

यावर काय भांडणार? मी कप धुऊन ठेवला आणि वर गेले.

हिराबाई आली ती एका रविवारी सकाळी. घिवलीच्या अलीकडं समुद्राला लागून एक गाव आहे, तिथली. पन्नाशीची, काटक बाई, नेसूचं लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात केळ्यांची फणी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं. तिनं काकांना पालघरच्या एका सरकारी कचेरीत पाहिलं होतं. काका आपल्या घराच्या कसल्याशा कामाला गेले होते, आणि कारकुनानं उठून त्यांना खुर्ची दिली होती. रांगेत उभ्या हिराबाईनं ते पाहिलं आणि ठरवलं की हाच मोठा साहेब. साहेब बोईसरचे एवढं तिथंच ऐकलं, मग बोईसरला उतरून पहिल्याच रिक्षावाल्याला टोपीवाल्या साहेबांचं घर विचारलं, तर त्यानं दारात आणून सोडलं.

तिच्या गावाजवळून नवा रस्ता जाणार होता. गाव एका लग्नाला गेलेलं असताना मोजणीची माणसं येऊन खुणा करून गेली, आणि हिराबाई परत येऊन बघते तो तिच्या विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाचा बाण. तिकडं विहिरीला बाव म्हणतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, आजूबाजूच्या सगळ्या विहिरी मचूळ, आणि या एका बावेला गोड पाणी. तिच्यावर हिराबाईची पानवेल, केळी, मोगरा, आणि अर्ध्या गावाचं पिणं. नवरा गेलेला, मुलगा बोटीवर, महिनोन्‌महिने समुद्रात.

"रेघ जरा ताडांच्या बाजूला सरकली तर माजी बाव ऱ्हाते," ती म्हणाली. "तिकडं नुसतं माळरान हाय. तुमी शब्द टाका साहेब."

मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. आता तरी सांगतील, आता सांगतील, असं वाटत होतं. काकांनी पानांचं फडकं मांडीवर घेतलं, ती पानं कौतुकानं चाचपली, आणि म्हणाले, "बघतो."

नुसतं गप्प बसणं वेगळं, आणि 'बघतो' म्हणणं वेगळं. ती बाई गेल्यावर मी त्यांना वाटेल तसं बोलले. तिची विहीर जातेय आणि तुम्ही साहेब-साहेब खेळताय, म्हणाले. काका खाली मान घालून बसले होते. मग म्हणाले, निदान बघून तरी येऊ. बघतो म्हटलंय ना.

पुढच्या रविवारी मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. त्यांना एकटं सोडायला माझं मन होईना. तारापूर मागं टाकलं, सुक्या मासळीचा वास यायला लागला, ताडाची झाडं दिसायला लागली. गावाच्या तोंडाशी चावडीवर काही माणसं बसली होती. त्यांनी टोपी पाहिली आणि सगळी एकदम उठली. आजवर लोक ती टोपी बघून उठताना मी पुष्कळदा पाहिले होते. हे उठणं निराळं होतं.

एका दांडग्या माणसानं पुढं येऊन काही न बोलता माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. बघता बघता बाया, म्हातारे, जाळी विणायची टाकून आलेले कोळी, सगळ्यांनी आम्हाला घेरलं. आरडाओरडा नव्हता, हेच जास्त वाईट होतं. मोजणीवाला हाच, असं कोणीतरी म्हणालं. गाव रिकामं बघून आलावता, आता दिवसाउजेडी आला, असं दुसरं कोणी. एक म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला, हिला कशाला आणली, बाई बघून आमी गप बसू म्हनून? चिंचणीच्या ठाण्याला फोन करावा असं मनात आलं, पण पर्समध्ये हात घालायचीही छाती होईना.

तेवढ्यात हिराबाई गर्दी फोडत आली. मला हायसं वाटलं. पण ती ओरडली, "आरं सोडा तेंना! मोठे साहेब हायेत ते. मीच आनलंय."

म्हणजे जो संशय होता त्यावर तिनं शिक्काच मारला. गर्दी अजून जवळ आली. आम्हाला विहिरीपर्यंत चालवत नेलं. दांडग्यानं रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं काकांच्या हातात दिलं आणि कठड्यावरच्या लाल बाणाकडं बोट केलं.

"पुसा," तो म्हणाला. "तुमीच काडलाय, तुमीच पुसा."

पुसावं तर सरकारी खूण पुसल्याचा गुन्हा, न पुसावं तर ही माणसं. काकांच्या हातातून रॉकेल चपलेवर ठिबकत होतं. आणि मग जे कधी ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. मी साहेब नाही, म्हणाले. कुठल्याच खात्याचा नाही. कारखान्यात नटबोल्ट मोजून द्यायचो.

कोणीही विश्वास ठेवला नाही. सगळे साहेब असंच म्हणतात, आमच्या हातात काय नाय म्हणून, असं एक बाई म्हणाली आणि सगळ्यांना ते पटलं. काकांनी गळ्याखालचा पट्टा सोडला आणि टोपी काढून हातात घेतली. बघा, मी साधा माणूस आहे, असं दाखवायला असेल. घामानं चिकटलेले चार केस, कपाळावर पट्टीचा वळ. मला त्यांची फार दया आली. दांडग्यानं टोपी त्यांच्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि जुन्या रहाटाच्या खांबाला वर अडकवली.

"टोपी हितंच ऱ्हाईल," तो म्हणाला. "खूण हलली की घेऊन जा."

गावाचा न्याय झाला. त्यांनी माझी किल्ली परत दिली. वर आम्हाला त्या विहिरीचं पाणीही पाजलं. खरंच गोड होतं. येताना काका स्कूटरवर मागं बसले होते, पण मला सारखं वाटत होतं की कोणी बसलेलंच नाही.

दोन दिवसांनी काका आणि हिराबाई पालघरला कचेरीत गेले. मी रजा काढून बरोबर गेले, कारण काकांचा मला भरवसा वाटत नव्हता. खुर्ची देणारा तोच कारकून टेबलाशी होता. काका सवयीनं सरळ त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. त्यानं मान वर न करता सांगितलं, लाइनीत या. काकांनी नमस्कार केला. तो म्हणाला, आजोबा, एकदा सांगितलं ना.

आम्ही रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो. हिराबाई त्या कारकुनाकडं वळून वळून बघत होती. मग तिनं विचारलं, "हाच तुमाला खुर्ची द्यायचा ना?"

"टोपीला द्यायचा," काका म्हणाले.

"म्हंजी त्या दिवशी बावेवर बोललात ते खरं?"

"खरं."

"मंग मना 'बघतो' कशाला म्हनालात?"

मला वाटलं, आता ही बाई इथंच तोंड सोडणार, आणि सोडलं तर तिचं काही चुकणार नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतके दिवस ती बिचारी निर्धास्त झोपली असेल, साहेब बघतोय म्हणून. पण ती एवढंच म्हणाली की आता आलोय तर उभं राहू, आणि पदरानं डोळे पुसून रांगेत एक पाऊल पुढं सरकली. काका तिच्या मागं सरकले.

आतली अधिकारी एक तरुण मुलगी होती, दमलेली, समोर थंड झालेला चहा. तिनं कॉम्प्युटरवर नकाशा बघून सांगितलं की रेषा वरून ठरून आली आहे. हिराबाई बोलत राहिली आणि ती अधिकारी नकारार्थी मान हलवत राहिली. मग काका बोलायला लागले. टोपीशिवाय कुठल्या साहेबापुढं बोलायची त्यांच्यावर आजवर वेळच आली नव्हती. आमच्यावर विश्वास ठेवू नका, म्हणाले, पण एकदा येऊन ते पाणी पिऊन बघा. आणि मग ताडांच्या बाजूची जमीन बघा.

"तुम्ही यांचे कोण?" तिनं विचारलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "यांच्या विहिरीवर माझी टोपी अडकलीय."

तिनं पहिल्यांदाच नकाशावरून नजर काढून त्यांच्याकडं पाहिलं. ती हसली नाही. सगळी हकीगत तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, येईन. वचन काही देत नाही, पण येईन.

ती खरंच गेली. मोटारसायकलच्या मागं बसून, तोंडाला ओढणी गुंडाळून. हिराबाईनं नंतर सांगितलं की गावानं तिला लस टोचायला आलेली सिस्टर समजून दोन तान्ही पोरं आणून दाखवली. ती पाणी प्यायली, तिनं माळरान बघितलं, टोपीकडंही बघितलं आणि गेली.

त्यानंतर मात्र काहीच हललं नाही. दिवाळी गेली, थंडी गेली. काका दर आठवड्याला पालघरला जायचे, रांगेत उभे राहायचे, अजून काही नाही हे ऐकून परत यायचे. बोडक्या डोक्यानं. रस्त्यात आता त्यांच्याकडं कोणी बघत नसे. मी इतकी वर्षं ज्यासाठी देवाला साकडं घालत होते ते झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. रिक्षावाले हॉर्न मारून त्यांना बाजूला सारायचे. एसटीत ते उभे असायचे.

एकदा हिराबाई आली तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, बाई, त्यांची टोपी तरी देऊन टाका आता. ती ओशाळली. तिला द्यायची होती, पण अडचण निराळीच झाली होती. मध्यंतरी ठेकेदाराची माणसं खणायचं मशीन घेऊन आली होती. विहिरीवर ती टोपी बघून त्यांनी विचारलं, ही कोणाची. मोठ्या साहेबांची, असं गावानं सांगितलं. ती माणसं आपसांत कुजबुजली आणि मशीन घेऊन परत गेली. काका साहेब नाहीत हे हिराबाईनं गावात अजून कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गावाचा धीरच सुटला असता.

"ऱ्हाऊ दे तिथंच," काका घाईघाईनं म्हणाले. "मला काही तिचं काम नाही."

काम नाही कसं? उन्हातान्हात जाऊन त्यांचं टाळकं भाजून निघालं होतं, कपाळाची साल निघाली होती. मी माझी छत्री दिली तर ती घरीच विसरायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी असंही वाटायचं की या माणसाला आपण आजवर ओळखलंच नव्हतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी एक तरणा, उन्हानं करपलेला माणूस फाटकात येऊन उभा राहिला. काका बनियनवर अंगण झाडत होते. मी जिन्यात चप्पल घालत होते. त्याच्या हातात कागदात बांधलेलं काहीतरी होतं आणि खांद्याला पिशवी.

"साहेब हायेत का घरात?" त्यानं काकांना विचारलं. "मी हिराबायचा पोरगा. काल बोटीवरनं आलो. खूण हलली, रस्ता ताडांकडनं गेला. ही साहेबांची टोपी."

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"साहेब नाहीत," ते म्हणाले. "द्या, मी देतो त्यांना."

त्यानं टोपी दिली. उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं तिचा रंग पार उडाला होता. तो जाईल असं वाटलं, पण तो तिथंच घुटमळला.

"आईबरोबर कचेरीत लायनीत उभे ऱ्हायचे ते म्हातारे, ते कोन?"

"मीच तो," काका म्हणाले.

त्यानं पिशवी खाली ठेवली. "आई म्हनाली, टोपी साहेबाला दे. आन पाया त्या म्हाताऱ्याच्या पड."

तो वाकला. काकांच्या दोन्ही हातांत टोपी होती. मग आशीर्वादाला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी ती टोपी नुकत्याच झाडलेल्या जमिनीवर ठेवली, आणि त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.